मुशीची अठ्ठाई

तऱ्हाडघाट, जि. धुळे
२२ ऑगस्ट १९६८

चि. सुरेशचंद यास,

तुझा खोकला कसा आहे ते आधी सांग. मागच्या पत्रात "बरा आहे" एवढंच लिहिलंस आणि कागदावर काढ्याचा डाग होता, म्हणजे बरा नाही. कुसुमलताच्या पायांची सूज उतरली का? तिला म्हणावं, कलकत्त्यात कितीही उकडलं तरी बाळंतपणाला वर्ष होईपर्यंत गार फरशीवर अनवाणी उभं राहायचं नाही. मुन्नीला दात आले का, आणि वरचे आधी आले की खालचे? तुमच्या घरमालकीणबाईंचं मोडलेलं मनगट सांधलं का?

इकडे तुझ्या आईचे डोळे तसेच. सुई ओवता येत नाही, पण माझ्या ताटात भाजी किती उरली ते बरोबर दिसतं. तुझ्या वडिलांचा, आमच्या पुखराजचा, गुडघा दुकानाच्या पायऱ्या उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही. मी म्हणजे जुनं जातं. टाकी लावली की फिरतं.

डोळे असे असून धनकुंवरने यंदाही पर्युषणात अठ्ठाई धरली आहे. आठ दिवस उकळून गार केलेलं पाणी, बाकी काही नाही. तू गेल्यापासूनची ही चौथी. कुणासाठी धरते ते ती सांगत नाही आणि तुझे वडील विचारत नाहीत. तू मासे चिरून अभ्यासायची नोकरी धरलीस तेव्हापासून घरात तुझं नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम अजून चालू आहे. तरी तुझं पत्र आलं की ते स्वतःच आणून माझ्या जपमाळेखाली ठेवतात आणि पाठ फिरवून गुळाची भेली फोडत बसतात.

आता मुख्य गोष्ट. या महिन्याच्या सुरुवातीला तापीला पूर आला तो तू वाचला असशील. पाणी ओसरलं आणि परवा झुलाल भोईच्या नव्या नायलॉनच्या जाळ्यात एक मासा सापडला. मासा म्हणायचं, कारण पाण्यात होता. आपल्या देवडीतल्या बाकापेक्षा लांब. झुलाल अजून भेटेल त्याला सांगतो. "आक्का, मी समजनू झाडनं खोड अटकनं. मंग खोडनी मन्हाकडे देखं."

पर्युषणात पुखराज दरवर्षी भोयांकडून जिवंत मासे सोडवून घेतो आणि देरासराच्या देवळामागच्या बारवेत सोडतो हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तूच त्या बारवेच्या पायरीवर पोळीचे तुकडे टाकत बसायचास. या वेळी हा अजस्र जीव दिसला आणि पुखराजच्या डोळ्यांत पाणी आलं. गुऱ्हाळावरची काहील मागवली, तिच्यात पाणी भरलं, मासा घातला आणि बैलगाडीवरून बारवेत आणून सोडला. जाळी नाही, गळ नाही, कुणी हात लावणार नाही. जीव वाचला.

पण सुरेश, मी वाकून पाहिलं. डोळे मोहरीएवढे. पाठीवर दोन पंख, दुसरा पहिल्याच्या निम्मा. बाजूचे पंख सुपासारखे रुंद. तू दोन वर्षांपूर्वी चित्र काढून पाठवलं होतंस आणि खाली लिहिलं होतंस, "नदीतली मुशी, म्हणजे शार्क. जुन्या काळच्या दोनचार मेलेल्या बरणीत आहेत. जिवंत पाहिलेला कुणी मला भेटला नाही." ते चित्र माझ्या डब्यात आहे. मी काढून पाहिलं. तीच का रे?

घरात मी काही बोलले नाही. तुझं नाव काढल्याशिवाय ते सांगताच येत नाही.

तुझी
झमकूभुआ


तऱ्हाडघाट
२५ ऑगस्ट १९६८

चि. सुरेशचंद,

पहिल्या पत्राचं उत्तर यायला अजून अवकाश आहे, पण हात गप्प बसत नाही.

तुमची सगळ्यांची खुशाली कळव. इकडे आपलं गाव एकदम तीर्थ झालं आहे. झालं असं, की तिसऱ्या दिवशी पुखराजने मुशीसाठी कणकेच्या गोळ्या टाकल्या. गोळी तिच्या तोंडापाशी तरंगत गेली आणि तिने तोंड उघडलं नाही. मग दूधपोळी टाकली. तीही नाही. आणि ती दिवसभर बारवेच्या भिंतीकडेने फिरते, एका जागी थांबतच नाही. कुणीतरी म्हणालं, प्रदक्षिणा घालते. दुसरं कुणी म्हणालं, पर्युषणात आली, अन्नाला शिवत नाही, म्हणजे अठ्ठाई आहे. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला पटलं. तुझ्या वडिलांना सगळ्यांच्या आधी.

आता साक्रीहून, पिंपळनेरहून माणसं येताहेत. काल असोद्याहून केळीचे घडच्या घड घेऊन एक कुटुंब आलं. तपस्विनीला दाखवून तेच केळ प्रसाद म्हणून वाटलं. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तिचं पारणं करायचं ठरलं आहे. बँड शिरपूरचा. चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी.

झुलालची सुगंधाबाई मासळीची पाटी घेऊन गर्दीतून चालली होती. थांबली, पाहिलं आणि म्हणाली, "शेठनी मासाले उपास धराले लावा. आम्ही ते बठ्ठं वरीस अठ्ठाईच करतस, आम्हनी मिरवणूक कोनी काढत नही." बायका हसल्या. पुखराजला ऐकू गेलं नाही असं त्याने दाखवलं.

एक लिहायचं होतं. गोळ्या तशाच तरंगतात. एरवी पोळीचा तुकडा पडला की झुंबड करणारी आपली बारवेतली मासोळी हल्ली वर येत नाही. गर्दीला बुजून तळाशी बसली असेल. पाणीही गढूळ आहे.

काल धनकुंवर पायरीवर बसली होती, पाचव्या उपासाची. अंगात त्राण नाही, तरी पाण्याकडे पाहत राहिली. मला म्हणाली, "जीजी, मी उपास ठरवून धरला. हिला कुणी विचारलं?" मी म्हटलं, "तू गप्प बस, बोलण्यात शक्ती जाते." पण ते वाक्य कालपासून माझ्या दातात अडकलं आहे.

उत्तर लवकर दे.

भुआ


तऱ्हाडघाट
२८ ऑगस्ट १९६८

सुरेश,

काल संवत्सरी झाली. वर्षभरात मनाने, वाचेने, कायेने तुमचं कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. तुझ्या वडिलांनीही सगळ्या नातेवाइकांना क्षमापनेची कार्डं लिहिली. एक कार्ड कोरं ठेवलं, फक्त पत्ता घातला, आणि पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. ते याबरोबरच निघेल.

आता जे लिहिते ते कुसुमलताला वाचून दाखवू नकोस. तिचं मूल लहान आहे.

सकाळी पारण्याची मिरवणूक निघाली. बँड पुढे, पुखराज चांदीची वाटी घेऊन मागे, आणि मी धनकुंवरला धरून. बारवेपाशी पोचलो. पायऱ्या माणसांनी भरलेल्या. पुखराज शेवटच्या पायरीवर उतरला आणि वाटी कलती करणार, तेवढ्यात मुशी फिरता फिरता आडवी झाली. पाणी लाल झालं. आधी वाटलं कुणी कुंकू टाकलं.

मग तिच्या अंगातून शेपूट आलं. सुरेश, अंडं नाही, गाबोळी नाही. अख्खं पिल्लू, हातभर लांब, आईसारखंच, दोन्ही पंखांसकट. बाहेर पडलं आणि पोहायला लागलं. मागून दुसरं. मासा व्याला, गाईसारखा. बँडवाल्यांचं पाण्याकडे लक्ष नव्हतं, ते वाजवतच होते. त्या वाजंत्रीत तिने पाच पिल्लं टाकली. त्यातली तीन हललीच नाहीत, पोट वर करून तरंगली. कुणीतरी किंचाळलं आणि पायऱ्यांवर पळापळ झाली. असोद्याच्या बाईची चप्पल पाण्यात पडली. ज्यांनी पाच दिवस तपस्विनी म्हणून हात जोडले ते सोयर लागलं म्हणत घरी अंघोळीला धावले.

पुखराज तिथेच उभा. वाटीतलं मुगाचं पाणी त्याच्या धोतरावर सांडत होतं.

झुलाल पाण्यात उतरला, मेलेली पिल्लं टोपलीने बाहेर काढली. पाणी जरा निवळल्यावर त्याने बांबूने तळ ढवळला आणि वर माझ्याकडे पाहिलं. "आक्का, बारोमा एक बी मासा नही शे."

पुखराज म्हणाला, "कसा नाही? इतक्या वर्षांचे मी सोडवलेले आहेत."

"व्हतात. हिनी खायी टाकात."

बघ कसं असतं. मी परवा तुला लिहिलं की गर्दीला बुजून तळाशी बसले असतील. लिहिताना मलाच ते पटलं नव्हतं. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, पण काकण बघायचं नसेल तर माणूस आरसा शोधत बसतो. तिचा उपास कसला. पहिल्या दोन रात्रींत तिने बारव रिकामी केली, आणि तिथून पुढे खरोखर उपाशी आहे. पोटात पाच जीव घेऊन.

पुखराज घरी आला तो देवघरात गेला नाही, दुकानात गेला नाही, ओसरीवर बसला. धनकुंवरने त्याच वाटीतलं उरलेलं पाणी पिऊन आपलं पारणं केलं.

तुझं उत्तर का येत नाही?

भुआ


तऱ्हाडघाट
३१ ऑगस्ट १९६८

चि. सुरेश,

तुझी तार परवा दुपारी पोचली. इंग्रजीत होती, म्हणून पोस्टमास्तर स्वतः दुकानावर आले आणि ओट्यावर उभे राहून मला मराठीत सांगितली. "मुशीच असावी. तिचं अन्न मासे. बारवेत मरेल. ताबडतोब नदीत सोडा. उत्तर द्या." पुखराज आत गिऱ्हाइकाला डाळ मोजून देत होता. तागडी खाली-वर झाली आणि बराच वेळ सरळ होईना.

मास्तर गेल्यावर तो आतूनच म्हणाला, "तो काय म्हणतो ते परत सांग."

चार वर्षांनी "तो" म्हणाला. मी परत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द.

"नदीत सोडू? म्हणजे जाळ्यात सोडू?" त्याने झुलालला बोलावलं. झुलालने जे सांगितलं ते तुझ्या कामाचं आहे म्हणून लिहिते. नायलॉनची जाळी आल्यापासून काठाकाठाला तीच लागली आहेत. सुताची जाळी मासा तोडून जायचा. "हाई जाळी पानीमा दिखतच नही, मासाले बी नही, माले बी नही." खाली कंत्राटदारांची माणसं खडी फोडायची दारू डोहात फोडतात, मग लहानमोठं सगळंच तरंगतं. उन्हाळ्यात केळीच्या बागांची पाण्याची इंजिनं डोह उपसतात. आणि त्याही खाली उकाईला धरण उठतं आहे. झुलालच्या आज्याने म्हणे लहानपणी असा मासा पाहिला होता, पुरामागून आलेला. बापाने पाहिला नाही. पुखराजने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे बारवेत उपाशी मरेल, नाहीतर नदीत मारली जाईल." आणि तिथेच बसून राहिला. काल सकाळीही तिथेच.

मग मी उठले. सुगंधाबाईकडे गेले. जन्मात भोईवाड्यात मासळीच्या पाटीपुढे उभी राहिले नव्हते. ती म्हणाली, "आक्का, सोडाले लेवाले उन्यात का?"

"नाही. खाऊ घालायला."

"कोनाले?"

"बाळंतिणीला."

ती हसली नाही. पाटीवरचा ओला फडका बाजूला केला. "जित्ता देऊ का मरेल?"

सुरेश, मी पासष्ट वर्षं पाणी गाळून प्यायले. दिवा लावला की पतंग मरेल म्हणून काच लावते. मी म्हटलं, "मेलेले दे." तिने मेलेले दिले. मी पदराने नाक धरून बारवेच्या पायरीवरून टाकले. मुशीने पाहिलंही नाही. ती आता फिरतही नव्हती, एका कोपऱ्यात हलत होती, नुसता कल्ला उघडायचा आणि मिटायचा. दोन पिल्लं तिच्या भोवती होती. तीही मेलेल्याला शिवली नाहीत.

मी परत गेले. म्हटलं, "जिवंत दे."

येताना माझ्या हातातल्या लोट्यात ते हलत होते, ते मला अजून तळहाताला जाणवतं. पायरीवर पुखराज बसला होता. म्हणाला, "जीजी, हे तू करणार?"

"पोरी भुकेल्या आहेत, पुखराज."

मी लोटा उपडा केला. एका पिल्लाने झडप घातली. एवढंसं पिल्लू, चार दिवसांचंही नाही, आणि काय ती झडप. पाणी एकदा उसळलं आणि निवळलं. मला वाटलं पुखराज डोळे मिटेल. त्याने मिटले नाहीत. म्हणाला, "सुरेश हेच बघतो का रोज?"

मी म्हटलं, "बघतो, आणि लिहून ठेवतो."

"त्याला भीती नाही वाटत?"

"तुला वाटली का?"

"वाटली," तो म्हणाला. "पण ती उपाशी होती तेव्हा मी वाटी घेऊन उभा होतो. त्याचीच जास्त वाटते."

मुशीने काहीच घेतलं नाही. उद्या काहील येते आहे. तिघींना नदीला नेणार.

भुआ


तऱ्हाडघाट
३ सप्टेंबर १९६८

चि. सुरेशचंद,

तुम्हा तिघांची खुशाली आधी विचारायची असते, पण या वेळी उलटं करते.

मुशी मेली. रविवारी सकाळी काहील पोचली तेव्हा ती पालथी होती. झुलालने पाण्यात उतरून तिच्या कल्ल्यांवर हात ठेवला आणि मान हलवली. पुखराजला ते खरं वाटेना. तो बांबू घेऊन तिला हळूच ढकलत राहिला, झोपलेल्याला उठवावं तसं. मी कधी त्याला असं पाहिलं नाही, आमचे वडील गेले तेव्हाही नाही. सारखं एकच म्हणत होता, "मी वाचवली होती."

पिल्लं जिवंत होती. दोन्ही काहिलीत घातली. पुखराज गाडीबरोबर चालत निघाला, त्या गुडघ्यावर, डोक्यावर छत्री नाही. झुलालने आपली जाळी आधीच उचलली होती आणि दुसऱ्या भोयांनाही सांगितलं होतं. काहींनी उचलली, काहींनी शिव्या दिल्या. डोहाखाली धार आहे तिथे पुखराज कमरेइतक्या पाण्यात गेला. झुलाल म्हणाला, "शेठ, दात शेतस, माले द्या." त्याने दिलं नाही. एकेक पिल्लू दोन्ही हातांवर धरून पाण्याखाली नेलं आणि हात पसरले. दुसऱ्याने जाताना त्याच्या मनगटाला चावा घेतला. रक्त आलं. हळद लावली आहे, सूज नाही, काळजी करू नकोस. तो पट्टी कुणालाच सोडू देत नाही.

तिथेच पाण्यात उभा राहून त्याने झुलालला विचारलं, ही समुद्रात कशी जातील? झुलाल म्हणाला, गेली तर याच पावसाळ्यात जातील. उकाईची भिंत पुरी झाली म्हणजे गेलेली परत येणार नाहीत आणि इथली जाणार नाहीत. खरं का हे? तू मला सरळ लिही, मला गोड करून सांगू नकोस.

आता मुशीचं. भोयांना वाटलं पुरतील, लोकांना वाटलं नदीत टाकतील. दुपारी शिंदखेड्याकडून एक माणूस रिकामे डबे घेऊन आला. म्हणाला, हिच्या काळजाचं तेल निघतं, पंखांनाही गिऱ्हाईक आहे, जागेवरच चिरतो. पुखराज ओसरीवरून उठला.

"विकायची नाही."

"शेठ, तुम्ही तर जैन. ठेवून काय करणार? सडेल."

"हिचा मालक कलकत्त्याला आहे. यायचाय."

तो माणूस डबे वाजवत गेला. मी दाराआड होते. धनकुंवर माझ्या मागे होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला आहे.

मग पुखराजने दुकानातली खड्या मिठाची पोती फोडली. नोकराला हात लावू दिला नाही. गोदामातली साखर बाहेर काढून ताडपत्री अंथरली, झुलाल आणि त्याने मिळून मुशीला वर ठेवलं आणि तो स्वतः ओंजळीओंजळीने मीठ घालत बसला, पंखाखाली, कल्ल्यांत, शेपटापर्यंत. मधेच विचारी, "जीजी, तोंडात पण भरायचं का? त्याच्या चित्रात दात आहेत ना? दात झाकले तर चालतील?" मी तुझं चित्र डब्यातून आणून दिलं. त्याने ते भिंतीला खिळ्याने ठोकलं आणि ताडून पाहत बसला, हा पंख असा, हा असा. शेवटी धनकुंवरने आपली जुनी लाल ओढणी ओली करून वरून पांघरली. तिन्ही मेलेली पिल्लं शेजारच्या डब्यात, तीही मिठात आहेत.

गावात वास सुटला आहे. देरासरात कालपासून आमच्याशी कुणी बोलत नाही. आज दोन गिऱ्हाइकं ओट्यावरून परत गेली. पुखराज म्हणतो जाऊ दे, आणि दर तासाला ओढणी उचलून पाहतो.

तेव्हा या पत्राचं उत्तर पोस्टाने नको, तारेने दे, आणि लगेच. तो एवढंच विचारतो आहे की मीठ रोज बदलायचं की तसंच राहू द्यायचं. पोट फुगायला लागलं आहे. झुलाल चिरून द्यायला तयार आहे, पण पुखराज म्हणतो, जो शिकला आहे त्यानेच चिरावं, तोवर कुणी हात लावायचा नाही. तुला निघायला किती दिवस लागतील तेही कळव. कुसुमलता आणि मुन्नी येणार असतील तर तसं लिही, म्हणजे वरची खोली झाडून ठेवते.

आणि तार या खेपेला माझ्या नावावर करू नकोस. दुकानाच्या नावावर कर.

तुझी
झमकूभुआ